ओबेड थ्रॉलला चौथ्यांदा निरोप

“यात जागा कुठाय?” असं म्हणून बीबनं वही उलटी धरली आणि झटकली. एखादं कोरं पान घाबरून खाली पडेल अशी त्याची समजूत असावी. पडला तो एक वाळका नेचा, १८५६ साली कुणीतरी आठवण म्हणून ठेवलेला.

“तेच सांगतोय मी,” ओबेड थ्रॉल पलंगाच्या कडेवर बसून म्हणाला. “भरलीय. राहू दे. दर वर्षी लोकांना कशाला त्रास?”

“वा, आजोबा! सगळ्यांना निरोप द्यायचा आणि तुम्हाला नाही?”

“मला तीनदा दिलाय.”

ते खरं होतं.

ब्रँटफील्ड कॉलेजात मे महिना उजाडला की शेवटच्या वर्षाची मुलं पुस्तकं मिटतात आणि स्वाक्षऱ्यांच्या वह्या उघडतात. चामडी बांधणी, सोनेरी कडा, मधे कोरी पानं. वर्गातल्या प्रत्येकानं प्रत्येकाच्या वहीत एक पान लिहायचं, खाली नाव, गाव आणि तारीख घालायची, असा शिरस्ता आहे. १८५८ च्या आमच्या वर्गात आम्ही एकोणीस जण. म्हणजे तीनशे बेचाळीस निरोप. ‘मी तुला कधीही विसरणार नाही’ हे वाक्य त्या महिन्यात व्हरमाँट राज्यातल्या त्या एका टेकडीवर इतक्या वेळा लिहिलं गेलं की शाईवाला दोनदा येऊन गेला. सायलस बीब हा माझा खोलीसोबती. त्यानं तर एक कच्चा मसुदाच करून ठेवला होता आणि तोच सगळीकडे उतरवत सुटला होता. माझ्या वहीत त्यानं ‘नदीकाठच्या आपल्या त्या गप्पां’ची आठवण काढली आहे. बीब आणि मी नदीकाठी कधीही गेलो नव्हतो. मी तसं म्हटल्यावर तो म्हणाला, “मग जाऊ की. अजून दोन महिने आहेत.” आम्ही गेलो. गप्पा काही सुचल्या नाहीत, पण पान खरं झालं.

ओबेडनं आपली वही १८५५ साली विकत घेतली होती, कारण तो १८५५ च्या वर्गाचा. त्या वर्गानं त्याला भरल्या गळ्यानं निरोप दिला. मग परीक्षा झाली, वर्ग गेला आणि ओबेड राहिला. पुढच्या वर्षी ५६ च्या वर्गानं निरोप दिला. ओबेड राहिला. मग ५७ च्या. आता तो सत्तावीस वर्षांचा होता, कपाळावरून केस मागे सरकू लागले होते, आणि आम्ही त्याला आजोबा म्हणत होतो. खगोल शिकवणारे प्रोफेसर स्टॅनिफर्ड यांनी त्याच्या वहीत तीनदा लिहिलं होतं. पहिल्या पानावर, ‘जा, जग तुमची वाट पाहत आहे.’ दुसऱ्या वर्षी, ‘जग अजून वाट पाहत आहे.’ तिसऱ्या वर्षी नुसतीच सही.

आता कुणी म्हणेल, माणूस मठ्ठ असेल. तसं असतं तर ही गोष्ट सांगायची गरजच नव्हती. कॉलेजात तसे पुष्कळ होते आणि बहुतेक पास होऊन गेले. ते पास झाले तेच मुळी ओबेडमुळे. संध्याकाळचं जेवण आटोपलं की त्याच्या खोलीत पाच-सात जण पाट्या घेऊन बसलेले असायचे. लघुगणक, म्हणजे लॉगरिदम, म्हणा, ग्रीक क्रियापदं म्हणा, ग्रहणाचं गणित म्हणा. पहिल्या वर्षी मी घरी निघून जायच्या बेतात होतो. पेटी भरली होती. लघुगणक या प्रकाराशी माझं जमत नव्हतं आणि प्रत्येक जण येऊन मला एकच सांगत होता, की अरे, सोपं आहे. ज्याला जमत नाही त्याला ‘सोपं आहे’ म्हणणं म्हणजे काय, हे ज्याला जमत नाही त्यालाच कळतं. ओबेडनं ते कधीच म्हटलं नाही. पेटीवर येऊन बसला, माझी पाटी घेतली आणि म्हणाला, “हे अवघड आहे. मला सहा आठवडे लागले. तुला किती लागतात बघू.” मला नऊ लागले. तो नऊ आठवडे आला.

पण आमच्या कॉलेजची शेवटची परीक्षा तोंडी होते, आणि चारचौघांत. प्रार्थनामंदिरात पुढच्या बाकावर बाहेरची समिती बसते, बहुतेक पाद्री आणि एखादा न्यायाधीश. टोपीतून चिठ्ठी निघते, ज्याचं नाव निघेल त्यानं फळ्यापाशी जायचं. तिथं गेलं की ओबेडची वाचा बसायची. बोलताना अडखळणं नव्हे, पार कुलूप. ५५ साली तो खडू धरून अकरा मिनिटं उभा होता. ५६ साली न्यायाधीशांनी विचारलं, “हे गृहस्थ बहिरे आहेत का?” ते न्यायाधीश स्वतः कानाला कर्णा लावून बसत, त्यामुळे त्यांच्या आवाजात आपुलकी होती. ५७ साली स्टॅनिफर्ड सर आधीच डोळे मिटून बसले होते.

आणि या वसंतात विश्वस्तांनी ठराव केला, की चार वेळांपेक्षा जास्त कुणालाही परीक्षेला बसू द्यायचं नाही. ठरावात नाव कुणाचंच नव्हतं. नाव घालायची गरजही नव्हती.

ओबेडच्या गावाकडे शाळा होती. तिला हेडमास्तर हवा होता, आणि तो पदवीधरच हवा होता. ओबेडला जगात दुसरं काही नको होतं. मी त्याला एकदा विचारलंही, “आजोबा, नाहीच झालं यंदा तर?”

“तर शेती आहे,” तो म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, “बटाट्यांना काही समजावून सांगावं लागत नाही.” विनोद म्हणून म्हणाला. हसला मात्र नाही.

तर, त्या दिवशी वही माझ्याकडे आली. जागेचा प्रश्न मी सोडवला. माझी आई कागद वाचवायला पत्राचं पान भरलं की ते आडवं फिरवते आणि आधीच्या ओळींवरून काटकोनात पुन्हा लिहिते. आमच्याकडे सगळ्याच आया असं लिहितात. वाचताना डोळे तिरळे होतात, पण सवयीनं जमतं.

“म्हणजे ५५ वाल्यांच्या निरोपावर आपला निरोप आडवा?” बीब म्हणाला. “जाळीच होईल की रे. आजोबा आत अडकून पडतील.”

“अडकलोच आहे,” ओबेड म्हणाला. “पण एक करा. लिहा ते परीक्षेनंतर लिहा. तीनदा आधी लिहून पाहिलंय.”

कुणाच्या पानावर आडवं लिहावं हे ठरवायला मी वही चाळत बसलो. चाळता चाळता वाचायला लागलो. सत्तरेक माणसांचे निरोप होते. नेहमीचं ‘कधीही विसरणार नाही’ होतंच, पण त्याच्या पुढं प्रत्येकानं काहीतरी जोडलं होतं, आणि ते कुठल्याही मसुद्यातून उतरवलेलं नव्हतं. ‘तू नसतास तर मी आज माझ्या काकांच्या टॅनरीत कातडी कमावत असतो.’ ‘ग्रीकमधला भूतकाळ तुझा ऋणी आहे, आणि मीही.’ आणि ५५ च्या वर्गातला एक लायमन ट्रास्क: ‘मित्रा, माझ्या खगोलशास्त्रात दर पौर्णिमेला ग्रहण लागत असे. ती ग्रहणं तू कमी केलीस. देव तुझं भलं करो.’

ट्रास्क हे नाव मी कुठंतरी नुकतंच वाचलं होतं. दोन मिनिटांनी आठवलं आणि मी धावत खाली सूचनाफलकापाशी गेलो. परीक्षा समितीतले एक वृद्ध पाद्री हिवाळ्यात वारले होते. त्यांच्या जागी: रेव्हरंड लायमन ट्रास्क.

शनिवारी बीब आणि मी अकरा मैल चालत ट्रास्कच्या गावी गेलो. रेव्हरंड म्हणजे कुणी दाढीवाला असेल असं वाटलं होतं. निघाला पंचविशीतला पोरगेलासा माणूस. अंगात काळा कोट घालून तो लाकडं फोडत होता, कारण शेजारीण बघत होती. ओबेडचं नाव काढताच त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

“अजून तिथंच आहे?”

“यंदाचं शेवटचं,” मी म्हटलं आणि ठरावाचं सांगितलं.

“तुम्ही त्यांना काहीतरी सोपं विचारा,” बीब म्हणाला. “दोन अधिक दोन. तेवढं त्यांच्या तोंडून निघेल.”

“अरे, तो गप्प बसतो ते उत्तर येत नाही म्हणून का? सोप्या प्रश्नालाही गप्पच बसेल.” ट्रास्कनं डोकं हलवलं. “आणि मी बायबलवर हात ठेवून शपथ घेतलीय, निःपक्षपाती राहीन म्हणून. मला काही करता येणार नाही.”

“मग त्यांना नापास करायला तुम्ही हजर राहणार?”

हे मी बोलायला नको होतं. ट्रास्कचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. कुऱ्हाड पुन्हा उचलून तो म्हणाला, “मी प्रार्थना करीन.”

“ती तर त्यांची आईही तीन वर्षं करतेय,” बीब म्हणाला.

येताना ट्रास्कबाईंनी आम्हाला रुबार्बच्या आंबट देठांचं सारण भरलेली, भट्टीत भाजलेली पोळी बांधून दिली. आम्ही ती सहाव्या मैलावर संपवली.

परीक्षेच्या दिवशी प्रार्थनामंदिरात उकाडा होता आणि माश्या होत्या. आम्ही अठराही जण पार पडलो. मला लघुगणकावरच विचारलं आणि मी उत्तर देताना समितीकडे न बघता तिसऱ्या बाकावरच्या ओबेडकडे बघत होतो. तो प्रत्येक पायरीला मान हलवत होता. सगळ्यात शेवटी टोपीत एकच चिठ्ठी उरली. स्टॅनिफर्ड सरांनी तीही रीतसर ढवळून काढली.

“थ्रॉल.”

ओबेड उठला, फळ्यापाशी गेला, खडू उचलला. सरांनी चंद्रग्रहणाचं कारण विचारलं. हेच त्यानं मागल्या मंगळवारी ताटली आणि बटाटा घेऊन बीबला समजावलं होतं. ओबेडनं तोंड उघडलं आणि मिटलं. एक मिनिट गेलं. दोन. एक माशी न्यायाधीशांच्या कर्ण्यात शिरली आणि बाहेर आली, तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला. चार मिनिटं झाली. ओबेडच्या मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरत होता. माझ्या शेजारी बीब, ज्यानं जन्मात कधी मनापासून प्रार्थना केली नसेल, डोळे घट्ट मिटून ओठ हलवत होता.

सरांनी लेखणी उचलली.

तेवढ्यात रेव्हरंड ट्रास्क उभा राहिला. “मला एक विचारू द्या,” तो घसा खाकरून म्हणाला. “मिस्टर थ्रॉल, दर पौर्णिमेला पृथ्वी सूर्य आणि चंद्र यांच्या मधोमध येते. तिची सावली चंद्रावर पडते. म्हणून दर महिन्याला ग्रहण लागतं. हे सिद्ध करून दाखवा.”

सगळं मंदिर ट्रास्ककडे बघायला लागलं. सरांची लेखणी हवेत राहिली.

ओबेडनं मान वर केली. आधी त्याला कळेना कोण बोलतंय. मग त्यानं त्या काळ्या कोटाकडे नीट पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर तोच भाव आला जो मी त्याच्या खोलीत शंभरदा पाहिला होता: थकलेला, आणि कुणालाही सोडून न देणारा.

“ट्रास्क,” तो म्हणाला. “पुन्हा?”

चार वर्षांत त्या मंदिरात त्याचा आवाज पहिल्यांदाच उमटला.

“पुन्हा म्हणजे?” ट्रास्क म्हणाला.

“पाच अंश कुठं गेले रे? किती वेळा सांगितलं तुला? इकडे ये. हा घे खडू.”

आणि रेव्हरंड ट्रास्क, मुकाट्यानं, समितीच्या बाकावरून उठून फळ्यापाशी गेला.

“काढ पृथ्वी. लहान काढ, मागल्या खेपेला चंद्राला जागाच उरली नव्हती. हं. आता चंद्राची वाट काढ. सपाट नको! सपाट असती तर तू म्हणतोस तसं झालं असतं.” ओबेडनं इकडेतिकडे बघितलं. ताटली नव्हती. त्यानं न्यायाधीशांच्या गुडघ्यावरची गवती टोपी उचलली. “ही कड म्हणजे चंद्राची वाट. तिला आता जरा, पाच अंश, तिरकी धरतो. बघ, पौर्णिमेचा चंद्र कधी सावलीच्या वरून जातो, कधी खालून. सापडतो कुठं?”

“इथं,” ट्रास्क कडेवर बोट ठेवून म्हणाला. “आणि इथं.”

“दोनच जागा. पौर्णिमा त्या जागांपाशी आली तर ग्रहण. नाहीतर चंद्र आपल्या वाटेनं जातो, कुणाला त्रास नाही. कळलं?”

“कळलं.”

“कळलं म्हणू नकोस. सांग.”

ट्रास्कनं सगळं सांगितलं, एकदा चुकला, ओबेडनं थांबवलं, त्यानं पुन्हा सांगितलं. मग ओबेड न्यायाधीशांकडे वळला आणि कर्ण्यात तोंड घालून म्हणाला, “आपल्याला आलं का लक्षात?”

“पहिल्यांदाच,” न्यायाधीश म्हणाले. “मी बहात्तर वर्षांचा आहे.”

तेव्हा कुठं ओबेडला आठवलं की आपण कुठं उभे आहोत. तो टोपी हातात धरून पांढरा पडला आणि त्याचं तोंड मिटलं ते मिटलंच. पण आता त्यानं काही बिघडत नव्हतं.

स्टॅनिफर्ड सरांनी लेखणी खाली ठेवली. “माझ्या मते,” ते म्हणाले, “समिती पास झाली आहे. प्रश्न फक्त मिस्टर थ्रॉल यांचा आहे. कुणाची हरकत?”

कुणाचीही नव्हती. बीबनं टाळ्या वाजवल्या, त्याबद्दल त्याला नंतर प्राचार्यांसमोर उभं राहावं लागलं.

बाहेर मी ट्रास्कला गाठलं. तो कोटावरचा खडू झटकत होता. “मुद्दाम केलंत ना?” मी विचारलं.

“मी निःपक्षपाती राहायची शपथ घेतलीय,” तो म्हणाला. “माझं खगोलशास्त्र पहिल्यापासूनच कच्चं.” आणि तो घोड्यावर बसला. पाद्री माणूस खोटं बोलत नाही असं मी मानतो. म्हणूनच मी पुढं काही विचारलं नाही.

मग तीन दिवस ओबेडची वही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत होती. अठरा जणांनी तिच्यात आडवं लिहिलं. बीबनं मसुदा वापरला नाही. एका ओळीसाठी त्यानं सबंध दुपार घेतली आणि ती ओळ कुणाला दाखवली नाही. मी ट्रास्कच्या पानावरून, त्याच्या कमी झालेल्या ग्रहणांवरून, आडवं लिहिलं: ‘तू मला कधी सोपं आहे म्हणाला नाहीस.’ खाली नाव, गाव, तारीख.

स्टॅनिफर्ड सर मात्र वही घेऊन पाऊण तास बसले. लिहून झाल्यावर त्यांनी ती मिटून ओबेडच्या हातात दिली आणि काठी घेऊन फिरायला निघून गेले. आम्ही अर्थात लगेच उघडली. सरांनी लिहिलं होतं: ‘या कॉलेजात चार वर्षं माझा विषय आपण शिकवलात. पगार मी घेतला. आभारी आहे.’

ओबेडनंही आमच्या वह्यांत लिहिलं. त्यात ‘विसरणार नाही’ कुठंही नव्हतं. माझ्या पानावर होतं: ‘लायसँडर पूल. लघुगणक. फेब्रुवारीतला चौथा बुधवार, जेवणानंतर. समजलं.’ प्रत्येकाच्या वहीत असंच: कुणाला काय, कधी समजलं. त्यानं ते सगळं कुठं टिपून ठेवलं होतं की नुसतं लक्षात ठेवलं होतं, देव जाणे. बीबच्या पानावर होतं: ‘सायलस बीब. ग्रीक. अजून नाही. पत्र लिहीत जा.’

“हा एकच माणूस माझ्याशी खरं बोलतो,” बीब म्हणाला आणि नाक शिंकरायला खिडकीपाशी गेला.

पदवीदानाच्या दुसऱ्या दिवशी मी फाटकापाशी टपालगाडीची वाट बघत होतो. तिथं एक बैलगाडी उभी होती आणि तिच्यापाशी एक बुटका, उन्हानं रापलेला म्हातारा. तो ओबेडचा बाप, हे सांगावं लागलं नाही. तोही काही बोलायच्या आधी तोंड उघडून मिटत होता.

“ही पेटी त्याची?” शेवटी त्यानं विचारलं.

“हो काका.”

“घेऊन जायची?”

“घेऊन जायची.”

त्यानं मला हात लावू दिला नाही. एकट्यानं पेटी गाडीत चढवली, दोर बांधला, गाठ ओढून बघितली, सोडली आणि पुन्हा बांधली. “तीन वर्षं येतोय,” तो गाठीकडे बघत म्हणाला. “गाडी रिकामीच न्यायचो. म्हटलं, बैलांना तरी काय सांगायचं.”

ओबेड आला. माझ्याशी हात मिळवला. पदवीची गुंडाळी त्यानं बापाच्या हातात दिली. म्हाताऱ्यानं आधी हात विजारीला पुसले. उलगडून बघितली नाही. लॅटिन होतं ते, आणि तो इंग्रजीसुद्धा बेतानंच वाचत असावा. गाडी निघाली.

फाटकाच्या पुढं रस्ता एकदम चढतो. तिथं बैलांना ओझं होऊ नये म्हणून दोघंही खाली उतरले. ओबेड एका अंगानं, म्हातारा दुसऱ्या अंगानं. गाडीत जागा होती, पेटीशेजारी गवत अंथरलेलं होतं. पण म्हाताऱ्यानं ती गुंडाळी आत ठेवली नाही. दोन्ही हातांत धरून, पायाखाली न बघता, तो तो सबंध चढ चालत गेला.